आमची नोंद कोणी उघडली, ते आम्हाला दिसू द्या

प्रति,
मा. आरोग्य सचिव व मा. माहिती तंत्रज्ञान सचिव,
गोवा सरकार, पर्वरी.

महोदय,

राज्यातली इस्पितळे, आरोग्य केंद्रे, प्रयोगशाळा, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे दावे आणि समाजकल्याणाच्या योजना संगणकावर एकमेकांना जोडल्या जात आहेत. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ आकडी आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाच्या डिजिटल आरोग्य-खात्याचा क्रमांक, केसपेपरवर येऊ लागला आहे. ही जोडणी व्हावी असेच आमचे मत आहे. पेडण्यात काढलेला ईसीजी रुग्णवाहिकेच्या आधी बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात पोचला तर हृदयविकाराच्या रुग्णाची मोलाची मिनिटे वाचतात. मात्र जोडणी झाली की पेडण्यातल्या माणसाची नोंद बांबोळी, म्हापसा, मडगाव, कुठूनही उघडता येते. ती कोण उघडू शकतो, कशासाठी, आणि उघडली तर ज्याची ती नोंद त्याला कसे कळणार, याचे उत्तर खिडकीवर उभ्या असलेल्या रुग्णाला आज मिळत नाही. म्हणून हे पत्र. ते खुले ठेवले आहे, कारण या नोंदी लोकांच्या आहेत.

आम्ही इस्पितळांच्या संगणक-प्रणाली बसवणारे, चालवणारे आणि तपासणारे लोक आहोत. आमच्या आईवडिलांच्या आणि मुलांच्या नोंदी याच यंत्रणेत आहेत, एवढाच आमचा स्वार्थ. पत्रात गोव्यातल्या एकाही इस्पितळाचे नाव दोषी म्हणून घेतलेले नाही. हे दोष कामाच्या पद्धतीचे आहेत. नाव घेतले तर एखाद्या कारकुनाची बदली होईल आणि पद्धत तशीच राहील.

सुरक्षा म्हटली की परदेशात बसलेला हॅकर डोळ्यांपुढे येतो. तो खरा आहे आणि त्याच्याविषयी पुढे लिहिले आहे. पण २०११ च्या जनगणनेत १४.५८ लाख लोकसंख्या असलेल्या या राज्यात पहिला धोका जवळचा आहे. काणकोणातल्या बाईची नोंद दुसऱ्या तालुक्यात उघडणारा माणूस तिच्या जावेचा भाऊ असू शकतो. सोयरीक जुळत असताना, घराच्या वाटणीचा दावा चालू असताना, पंचायतीची निवडणूक तोंडावर असताना कोणाला क्षयरोग आहे, कोण मानसोपचार घेतो, कोणाचा गर्भपात झाला, या माहितीला वाड्यावर किंमत येते. हा माणूस बाहेरचा शिरकाव रोखणाऱ्या फायरवॉलने अडत नाही. तो आतच बसलेला आहे आणि त्याच्याकडे पासवर्ड आहे.

तो पासवर्डही बहुधा त्याचा स्वतःचा नसतो. वॉर्डात एक संगणक, तीन पाळ्या आणि सगळ्यांना मिळून एकच लॉगिन, ही कुठल्याही गर्दीच्या इस्पितळातली रीत आहे. सकाळच्या सिस्टरने लॉगिन करायचे आणि ते रात्रीपर्यंत चालू ठेवायचे. याला बेफिकिरी म्हणणे अन्यायाचे होईल. बाहेर रांग उभी असताना दर वेळी बारा अक्षरांचा पासवर्ड टाकायला लावणारी प्रणाली आम्हा तंत्रज्ञांनीच चुकीची बांधलेली आहे. उपाय जुने आणि परवडणारे आहेत. प्रत्येक कर्मचाऱ्याला ओळखपत्रातच बसणारे टॅप-कार्ड आणि चार-सहा आकडी पिन द्यावा. कार्ड टेकवताच आधीच्या माणसाचे सत्र बंद होऊन दुसऱ्याचे सुरू झाले पाहिजे. संगणक तीन मिनिटे पडून राहिला तर पडदा आपोआप बंद व्हावा. हे झाल्याशिवाय ‘पासवर्ड कोणाला देऊ नये’ अशी परिपत्रके काढून काहीही साधणार नाही.

लॉगिन वेगळे झाले की त्याला किती दरवाजे उघडतात हा प्रश्न येतो. पोर्तुगालमधल्या बारेरू-मोंतिजू इस्पितळ केंद्राला तिथल्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने २०१८ मध्ये ४ लाख युरो दंड केला. तिथे डॉक्टर म्हणून प्रवेश असलेली ९८५ खाती चालू होती आणि प्रत्यक्षात डॉक्टर होते २९६. उरलेली खाती कोण वापरत होते, हे विचारायची वेळ आपल्यावर येऊ नये. आपल्याकडे इंटर्न दर वर्षी बदलतात, कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर मुदत संपली की जातात, डॉक्टरांच्या बदल्या होतात. माणूस गेला त्याच दिवशी त्याचे खाते बंद होते का? आमच्या अनुभवात हे काम कोणाच्याच कामाच्या यादीत नसते. पगारपत्रकाची यादी आणि खात्यांची यादी महिन्यातून एकदा समोरासमोर ठेवली, तर अर्ध्या दिवसाच्या कामात हे भोक बुजते.

नोंदणीच्या कारकुनाला नाव, वय, पत्ता आणि विभाग दिसावा, आजाराचे निदान दिसू नये. प्रयोगशाळेला मागवलेली तपासणी दिसावी, जुने डिस्चार्ज कार्ड नको. डॉक्टरला त्याच्याकडे आलेल्या किंवा पाठवलेल्या रुग्णाची नोंद दिसावी. अपघात विभागात बेशुद्ध माणूस आला तर डॉक्टरला सगळे उघडता आले पाहिजे, त्यात एक सेकंदही अडथळा नको. पण अशा वेळी प्रणालीने एका ओळीत कारण लिहून घ्यावे, ती नोंद वेगळ्या यादीत टाकावी आणि दुसऱ्या दिवशी वैद्यकीय अधीक्षकाने ती यादी वाचावी. एचआयव्ही आणि मानसोपचाराच्या नोंदी यांहूनही आतल्या कप्प्यात हव्यात. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ यांनी ही गोपनीयता आधीच बंधनकारक केली आहे. संगणक आला म्हणून ती सैल होत नाही.

आता या पत्राचा गाभा. प्रत्येक प्रणाली एक लॉग ठेवते, म्हणजे कोणी केव्हा काय केले याची संगणकाची स्वतःची नोंदवही. बहुतेक ठिकाणी तिच्यात कोणी नोंद बदलली एवढेच लिहिले जाते, नुसती पाहिली ते लिहिले जात नाही. शेजाऱ्याची चौकशी करणारा काहीही बदलत नाही, तो वाचतो आणि बंद करतो. वाचण्याची नोंद नसेल तर चोरी झालीच नाही असे दिसते. लॉगमध्ये निदान पाच गोष्टी हव्यात: कर्मचाऱ्याचा क्रमांक, रुग्णाचा क्रमांक, कोणता भाग उघडला, कोणत्या संगणकावरून, आणि अचूक वेळ. वेळ अचूक राहावी म्हणून सगळ्या यंत्रांची घड्याळे एकाच वेळ-सर्व्हरशी जुळलेली हवीत. दोन संगणकांत सात मिनिटांचा फरक असेल तर चौकशी तिथेच संपते. सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळे जुळवणे आणि लॉग १८० दिवस ठेवणे सक्तीचे केले आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण नियमांनी ही मुदत वर्षावर नेली आहे. लॉग वेगळ्या यंत्रावर जावा आणि प्रणालीच्या प्रशासकालाही तो पुसता येऊ नये, कारण ज्याच्याकडे सगळ्या चाव्या आहेत त्याचीही कधी तपासणी करावी लागते.

हा लॉग रुग्णाला दिसला पाहिजे. एस्टोनियात नागरिक आपल्या आरोग्य पोर्टलवर जाऊन कोणत्या डॉक्टरने आपली नोंद केव्हा पाहिली ते वाचतो, आणि संबंध नसताना पाहिली असेल तर तक्रार करतो. एस्टोनियाची लोकसंख्या साधारण गोव्याएवढीच आहे, म्हणजे आपण लहान आहोत ही सबब इथे चालणार नाही. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना आरोग्य केंद्रात मागितल्यावर छापील उतारा मिळावा, जसा मामलेदार कचेरीत जमिनीच्या एक-चौदाचा मिळतो. कोण पाहतो हे रुग्णाला दिसते, एवढे कर्मचाऱ्यांना माहीत झाले तरी बरीचशी चौकस बोटे थांबतील. याहून स्वस्त सुरक्षा आम्हाला ठाऊक नाही.

ओळखीच्या कागदांविषयी. आधारचा १२ आकडी क्रमांक जन्मभर तोच राहतो. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, हा क्रमांक बदलता येत नाही. तरीही त्याची झेरॉक्स रुग्ण नोंदणीला, योजनेच्या अर्जाला, दाव्याच्या फाइलीला, प्रत्येक वेळी नव्याने घेतली जाते. कोपऱ्यावरच्या दुकानात व्हॉट्सअॅपवर पाठवून छापली जाते आणि दुकानदाराच्या फोनमध्ये राहते. फाइली वर्षानुवर्षे बिनकुलपाच्या कपाटात साचतात. याची गरजच नाही. आधारपत्रावरच्या क्यूआर कोडवर आधार प्राधिकरणाची डिजिटल सही असते. तो स्कॅन केला की नाव, पत्ता, जन्मतारीख आणि फोटो इंटरनेटशिवाय पडताळता येतो आणि क्रमांकाचे शेवटचे चार आकडेच दिसतात. ज्यांना क्रमांक द्यावाच लागतो त्यांच्यासाठी १६ आकडी आभासी क्रमांक आहे, तो हवा तेव्हा बदलता येतो. आठ आकडे झाकलेले मास्क्ड आधार आहे. खिडकीवर पडताळावे, शेवटचे चार आकडे लिहावे आणि कार्ड परत द्यावे, एवढी साधी कृती आहे. जिथे कायद्याने पूर्ण क्रमांक साठवणे भाग आहे तिथे तो प्राधिकरणाने सांगितलेल्या वेगळ्या आधार व्हॉल्टमध्येच (डिजिटल तिजोरीत) कूटबद्ध, म्हणजे चावीशिवाय वाचता न येणारा, असावा आणि बाकी सगळीकडे त्याच्या जागी संदर्भ-क्रमांक वापरावा.

जुन्या फाइलींत आधार क्रमांक कुठे कुठे पडले आहेत हे शोधणेही शक्य आहे. आधारचा शेवटचा आकडा बाकीच्या आकड्यांवरून व्हेरहॉफ नावाच्या गणिती पद्धतीने काढलेला तपासणीचा आकडा असतो आणि क्रमांक ० किंवा १ ने सुरू होत नाही. खात्याच्या सामायिक ड्राइव्हवरून एक छोटा प्रोग्राम फिरवला तर १२ आकडी संशयित क्रमांकांची यादी रात्रीतून मिळते. कुठल्याही १२ आकडी क्रमांकांपैकी साधारण दहातला एक या चाचणीत चुकून बसतो, म्हणून यादी माणसाने चाळावी लागते. तेवढेच कष्ट.

आभा आणि ओटीपीचा घोळ वेगळा. आभा ऐच्छिक आहे आणि ती नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. खिडकीवर मात्र ‘आधार द्या, फोनवर नंबर आला तो सांगा’ एवढेच ऐकू येते. रुग्ण ओटीपी मोठ्याने वाचून दाखवतो, मागचे दहाजण ऐकतात. कशासाठी सांगितला, हे त्याला ठाऊक नसते. याला संमती म्हणता येत नाही. दुसरी बाजू अशी की गोव्यात आईवडिलांच्या आधारला मुलाचा नंबर जोडलेला असतो आणि मुलगा बोटीवर किंवा आखातात असतो. ओटीपी समुद्रात जातो आणि म्हातारा माणूस बाकावर बसून राहतो. सत्तरी आणि सांग्याच्या काही वाड्यांवर रेंजच नसते. बोटांचे ठसे घ्यावेत तर शेतात, मासळीच्या बर्फात आयुष्य गेलेल्या हातांचे ठसे यंत्र ओळखत नाही. सगळ्या घराचा नंबर एकच असतो तेव्हा तर बायकोच्या तपासणीचा निरोप नवऱ्याच्या फोनवर जातो. बाई दवाखान्यात कशासाठी गेली होती हे घरी कोणाला सांगायचे, ते तिचे तिने ठरवायचे आहे. म्हणून नोंदणीच्या वेळी ‘निरोप कोणत्या नंबरवर पाठवू, की पाठवूच नको’ हा प्रश्न सक्तीचा करा आणि निरोपात विभागाचे वा तपासणीचे नाव कधीही घालू नका.

नावांचाही गोंधळ आहे आणि तो जिवावर बेतू शकतो. एकाच गावात एकाच नावाचे तीन गावकर असतात. तेच आडनाव रोमी अक्षरांत वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिले जाते, पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत आणखी निराळे असते. संगणकाने नाव आणि वयावरून दोन नोंदी आपोआप एक केल्या तर एकाचा रक्तगट किंवा पेनिसिलिनची अॅलर्जी दुसऱ्याच्या कागदावर जाते. नोंदी जोडण्याचे सुचवणे संगणकाने करावे, जोडणे दोन माणसांनी तपासूनच व्हावे, आणि जोडलेले पुन्हा सोडवता आले पाहिजे.

माहिती प्रणालीतून फुटते त्याहून अधिक एक्सेलमधून फुटते. वरून आकडे मागवले जातात, कोणीतरी पूर्ण यादी काढतो, व्हॉट्सअॅप गटावर टाकतो आणि ती तिथे कायम राहते. स्तंभ लपवला म्हणजे माहिती गेली असे नसते, दोन क्लिकमध्ये तो परत येतो. पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढली तरी खालची अक्षरे निवडून उतरवता येतात. २०१७ मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीने चार सरकारी पोर्टलांवर मिळून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक उघडे पडल्याचा अंदाज दिला होता. तिथे कोणी कुलूप तोडले नव्हते, याद्या खात्यांनीच लावल्या होत्या. नाव काढून टाकणेही पुरत नाही. ‘स्त्री, वय ३४, अमुक वाडा, तमुक आजार’ एवढे वाचून गाव तिला ओळखतो. दहाहून कमी माणसांचा आकडा गावनिहाय प्रसिद्ध करू नये, तालुक्यात मिळवावा.

आता बाहेरचा हल्ला. दिल्लीच्या एम्स इस्पितळावर २३ नोव्हेंबर २०२२ ला रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा, हल्ला झाला. केंद्राने संसदेत सांगितले की पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कूटबद्ध झाली आणि कारण होते नेटवर्कचे नीट न केलेले विभाजन. साध्या शब्दांत, एका खोलीत शिरलेला चोर साऱ्या घरात फिरला. आपल्याकडे बिलांचा संगणक, सीटी स्कॅनचे जुन्या विंडोजवर चालणारे यंत्र आणि रुग्णांचे वायफाय एकाच जाळ्यावर असतील तर निष्पत्ती तीच होईल. जुने यंत्र बदलता येत नसेल तर त्याला वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि त्याला फक्त प्रतिमांच्या सर्व्हरशी बोलू द्या. तो प्रतिमांचा सर्व्हर इंटरनेटवर उघडा नको. बॅकअपच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांपैकी एक इमारतीबाहेर. शिवाय एक प्रत तारेपासून पूर्ण तोडलेली असावी, नाहीतर रॅन्समवेअर बॅकअपही गिळतो. तिमाहीतून एकदा बॅकअपवरून प्रणाली खरोखर उभी करून पाहा. न तपासलेला बॅकअप ऐन वेळी उघडत नाही, हे आम्ही जबाबदारीने सांगतो. पावसाळ्यात वीज आणि केबल दोन्ही जातात, म्हणून प्रत्येक वॉर्डात छापील कोरे फॉर्म आणि ते नंतर संगणकावर चढवण्याची लेखी रीत हवीच.

सिंगापूरच्या सिंगहेल्थ या इस्पितळ-समूहातून २०१८ मध्ये १५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली, म्हणजे जवळपास अख्ख्या गोव्याएवढी. चौकशी समितीला दिसले की कर्मचाऱ्यांच्या नजरेला संशयास्पद हालचाली आधीच पडल्या होत्या, पण त्या वेळेत वर कळवल्या गेल्या नाहीत. आपल्याकडेही कळवणाऱ्यालाच मेमो मिळेल या भीतीने तोंड बंद राहते. सर्ट-इनला कळवायची मुदत सहा तासांची आहे. सहा तासांत कोणाला फोन करायचा हे रात्रपाळीच्या ऑपरेटरला ठाऊक आहे का, एवढे तपासून पाहा.

कंत्राटांबद्दल थोडक्यात. निविदेला जोडलेले सुरक्षा प्रमाणपत्र त्या दिवशीच्या त्या आवृत्तीपुरते असते, प्रणाली बदलली की ते जुने होते, आणि वॉर्डात पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला आहे का हे त्यात कधीच तपासलेले नसते. दुरुस्तीसाठी दूरवरून येणाऱ्या कंत्राटदाराचा प्रवेश मागितल्यावर, ठरावीक वेळेसाठी आणि नोंद ठेवूनच उघडावा. कंत्राट संपताना सगळी माहिती खुल्या स्वरूपात परत मिळाली पाहिजे आणि कंत्राटदाराकडच्या प्रती नष्ट केल्याचे लेखी हवे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी दीड वर्षाची मुदत मिळाली. सुरक्षेच्या उपायांत कसूर झाल्यास २५० कोटींपर्यंत दंड आहे, आणि माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवणे बंधनकारक आहे. याच कायद्यात संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मागण्याचा हक्क आहे. कोंकणी आणि मराठी दोन्ही त्या अनुसूचीत आहेत, आणि गोव्याच्या राजभाषा कायद्यातही दोघींना जागा आहे. मग खिडकीवरचा संमतीचा मजकूर फक्त इंग्रजीत का?

आमच्या मागण्या अशा:

१. तीस दिवसांच्या आत आधारच्या झेरॉक्स घेणे थांबवण्याचा लेखी आदेश निघावा, आणि ‘आभा ऐच्छिक आहे’ हा फलक प्रत्येक नोंदणी खिडकीवर कोंकणी व मराठीत लागावा.

२. त्याच मुदतीत सगळी सामायिक आणि गेलेल्या कर्मचाऱ्यांची खाती मोजून त्यांचा आकडा जाहीर व्हावा.

३. नव्वद दिवसांत नोंद ‘पाहिल्याचा’ लॉग सुरू व्हावा. वर्षाच्या आत तो रुग्णाला पोर्टलवर आणि छापील उताऱ्यात मोफत मिळावा. विनाकारण नोंद उघडणाऱ्यावर काय कारवाई होईल ते आधीच लिहून ठेवावे.

४. ओटीपी नसलेल्यांसाठी प्रत्येक केंद्रात पर्यायी ओळख पडताळणी असावी. त्या कारणाने परत पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवावी.

५. राज्याच्या सर्व आरोग्य-प्रणालींचे वॉर्डापर्यंत जाणारे स्वतंत्र सुरक्षा-परीक्षण दर वर्षी व्हावे. अहवालातली तांत्रिक भोके झाकून उरलेला सारांश लोकांसमोर यावा.

६. रुग्णालाही कळेल असा एक फोन नंबर आणि एक जबाबदार अधिकारी असावा. चूक कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा होणार नाही अशी लेखी हमी असावी.

यांतली कोणती मागणी केव्हा पूर्ण होईल आणि कोणती कोणत्या कारणाने होणार नाही, याचे उत्तर खात्याच्या संकेतस्थळावर लेखी मिळावे. लॉगचा आराखडा, भूमिकांनुसार प्रवेशाचा तक्ता आणि संमतीच्या मजकुराचा मसुदा खात्याने पाठवला तर आम्ही तो विनामोबदला तपासून देऊ.

आपले,
गोव्यातील आरोग्य-नोंद प्रणालींवर काम करणारे काही तंत्रज्ञ